धूळ आधीची आणि धूळ नंतरची

खडकाळ ग्रहांच्या उत्पत्तीचे मराठीत विवेचन करताना सामान्यतः एवढेच सांगितले जाते की, ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असते व त्या धुळीपासून ग्रह घडतात. हे विधान असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्यातून एक सदोष अनुमान निघते. ते असे की, जेथे धूळ दिसली तेथे ग्रह घडत आहेत.

एचएल टॉरी या सुमारे दहा लाख वर्षे वयाच्या ताऱ्याभोवतीची वलये चिलीतील अल्मा दुर्बिणीने २०१४ साली स्पष्ट दाखविली. तेथील धूळ वायूत मिसळलेली असून ती ताऱ्याच्या जन्ममेघाची शिल्लक होय. तिचे कण चिकटत जाऊन खडे व पुढे मोठे पिंड बनतात. मात्र असा वायू बहुधा एक कोटी वर्षांच्या आतच नाहीसा होतो.

याउलट टाऊ सेटी हा बारा प्रकाशवर्षांवरील सूर्यसदृश तारा अब्जावधी वर्षांचा आहे, आणि तरीही त्याच्याभोवती धूळ आहे. ती जन्मकाळची असू शकत नाही. अतिसूक्ष्म कणांना प्रकाशाचा दाब बाहेर लोटतो. त्याहून थोडे मोठे कण त्याच प्रकाशामुळे गती गमावून हळूहळू ताऱ्यात पडतात. अर्थात ही धूळ घडून चुकलेल्या पिंडांच्या टकरींतून सतत नव्याने निर्माण होत असली पाहिजे.

तथापि 'जुनी ती बांधणीची, नवी ती मोडतोडीची' अशी सरळ विभागणीही टिकत नाही. एनजीसी २५४७ या तारकागुच्छातील आयडी८ हा सूर्यसदृश तारा सुमारे साडेतीन कोटी वर्षांचा आहे. २०१३ च्या आरंभी त्याच्याभोवती धूळ एकाएकी वाढल्याचे स्पिट्झर दुर्बिणीस आढळले. ती मोठ्या पिंडांच्या टकरीची धूळ होती. परंतु खडकाळ ग्रहांची अखेरची बांधणी अशा टकरींतूनच होते. म्हणून धुळीचा अर्थ लावताना ताऱ्याचे वय व वायूचे अस्तित्व ही दोन्ही पाहणे अवश्य ठरते.

भंडारा जिल्ह्यातील कोंढा येथील वाचकास हा भेद समजण्यास कठीण नाही. धान भरडल्यावर कोंडा निघतो. तो पाहून येथे धान पिकले होते असे म्हणता येते. पेरणी चालू आहे असे म्हणता येत नाही. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये, चांदणे नसलेल्या रात्री, संधिप्रकाश मावळल्यावर गावाबाहेरच्या शेतातून पश्चिमेस जो फिकट तिरपा पट्टा दिसू शकतो, तो राशिप्रकाश म्हणजे आपल्याच सूर्याभोवतीची धूळ होय. ती मुख्यतः धूमकेतू व लघुग्रह यांच्या झिजेतून आलेली आहे. पृथ्वी तिच्यापासून घडलेली नाही.

यास्तव एकाच 'धूळतबकडी' या शब्दाने काम भागविण्याऐवजी 'जन्मतबकडी' आणि 'अवशेषतबकडी' असे दोन शब्द योजणे इष्ट आहे. आयडी८ सारखी उदाहरणे या दोहोंच्या सीमेवरची म्हणून स्वतंत्रपणे सांगावीत.

दोन्ही धुळींचा संबंध दाखविणारा पुरावा विदर्भातच आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे पडलेल्या अशनींचे द्रव्य सूर्याच्या जन्मतबकडीतून गोळा झालेले आहे, तर त्यांतील वितळून थिजलेल्या शिरा पुढील काळातील प्रचंड आघाताची साक्ष देतात. एकाच दगडात बांधणी आणि मोडतोड अशी दोन्ही प्रकरणे नोंदलेली आहेत. विवेचकाने त्यांतील पहिलेच वाचून थांबू नये.