नवलाईची खोली

सोलापूरचा माणूस अक्कलकोटला जातो तो स्वामींच्या दर्शनाला. प्रसाद घेतो, एसटी पकडतो, परत येतो. तिथल्या नव्या राजवाड्यात संस्थानिकांचं शस्त्रागार आहे हे त्याला ठाऊक असतं. पण ते कायम ‘पुढच्या खेपेला’. मी मात्र पाहिलं. तलवारी, बंदुका, पुन्हा तलवारी! राजा म्हटला की त्याला एखादी खोली भरल्याशिवाय चैन पडत नाही, हेच खरं.

युरोपातल्या राजांनी तर ह्या हौसेचा कळस केला. जर्मनीकडे अशा खोलीला ‘वुंडरकामर’ म्हणत, म्हणजे नवलाईची खोली. शंख, प्रवाळ, घड्याळं, वाळवलेल्या मगरी, सगळं एकत्र. थोडक्यात, आपल्या दिवाणखान्यातलं शोकेसच. फक्त ताजमहालाच्या जागी मगर. व्हिएन्नाच्या हाप्सबुर्ग भावांनी १५६४ साली वाटण्या करताना दोन वस्तू वाटणीबाहेर ठेवल्या: अगेट दगडाचं एक भलंमोठं पात्र आणि एकशिंग्या घोड्याचं शिंग. शिंग म्हणजे नारव्हाल नावाच्या देवमाशाचा दात निघाला. एका दातावरून भाऊबंदकी टळली, हेही नवलच म्हणायचं. रशियाच्या पीटर बादशहाने १७१४ साली असाच संग्रह थाटला आणि लोकांनी यावं म्हणून प्रवेश फुकट ठेवून वर खाणंपिणंही दिलं. आमच्याकडे नुसत्या चहावर भागलं असतं.

पण ह्या खोल्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. जे दुसऱ्या कोणाकडे नाही तेच तिथे मोलाचं. पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं आणि राजाचा मोठेपणा मान्य करून घरी जावं, एवढीच अपेक्षा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी बरोब्बर उलटं केलं. चष्म्याचा धंदा करणारा हा माणूस, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या जमवल्या. वीस हजारांवर वस्तू! १९७५ साली सगळं सरकारला देऊन मोकळे झाले. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे लहानपणीच गेलेला त्यांचा मुलगा.

तिथे आमच्या आत्याबाई एका वज्रीपुढे थबकल्या. ‘‘अगंबाई, अश्शीच आपल्या न्हाणीत होती की रे!’’ म्हणाल्या आणि काचेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.