आर्जवाचे नाट्य : ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्याचा त्यास आधार असल्यामुळे नाटकाची चर्चा बहुधा मूळ घटना, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका यांपाशीच थांबते. नायकाची सारी फसवणूक ज्या लाघवावर उभी आहे, त्याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, दाजीशास्त्री, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज ही केवळ वेषांतरे नव्हेत. समोरच्यास जसा माणूस हवा असतो, नेमका तसा माणूस होण्याची ती विद्या आहे. उपवर कन्येच्या घरी तो सुस्थितीतला, सालस जावई होतो. श्रद्धाळूंपुढे महाराज होतो. त्याला बळजबरी करावी लागत नाही. हुद्दा, घराणे, जात, विद्वत्ता यांना मध्यमवर्गीय मन जो मान देते, तेच लखोबाचे भांडवल ठरते. ‘चांगले स्थळ’ या कल्पनेतच फसगतीची निम्मी तयारी असते, हे अत्र्यांनी अचूक हेरले आहे.

न्यायालयात मात्र या लाघवाचा रोख बदलतो. लखोबा आपला बचाव स्वतःच करतो. न्यायासनापुढील अदब, साक्षीदारांशी मानभावी सौजन्य, मधूनच पांघरलेला भाबडेपणा या सर्वांचे लक्ष्य आता प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षक वश होतोही. (पणशीकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘तोच मी!’ असावे, हा योगायोग नव्हे.) फसवल्या गेलेल्या स्त्रीचा संताप त्या गोड उलटतपासणीपुढे अडखळतो आणि सभागृहात हशा पिकतो.

नाटकाची खरी अडचण येथे आहे. संहिता लखोबास आरोपी मानते; प्रयोग त्यास लाडका करून सोडतो. हा अंतर्विरोध अत्र्यांना अभिप्रेत होता, असे म्हणण्यास संहितेत पुरेसा आधार सापडत नाही. त्यांच्या विनोदबुद्धीला लखोबाची भुरळ पडली, असेच म्हणावे लागते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह अवैध व दंडनीय ठरविला होता. अशा विवाहात फसलेल्या स्त्रीचे पुढे काय होते, माहेरी तिला कोणते स्थान उरते, याकडे नाटक ओझरतेच पाहते. तिची साक्ष संपताच रंगमंच फिरतो आणि लखोबा नव्या वेषात, नव्या घरी, तितक्याच नम्रपणे नमस्कार करीत उभा असतो.