एक्सेलचा रकाना तुमचं ऐकतो का?

रकान्याला ‘नमुना क्रमांक’ असं नाव दिलं की काम झालं, असं तुम्हाला वाटत असेल. पण एक्सेल ते नाव वाचतच नाही. प्रत्येक चौकटीत काय टाइप केलंय ते पाहून ते स्वतःच अंदाज बांधतं. ००७ लिहा, ७ उरतो. १६ अंकी क्रमांक टाका, शेवटच्या अंकाचा शून्य होतो. सेप्ट२ या जनुकाची तर थेट २ सप्टेंबर होते! नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलं तरी सेप्ट२ परत येत नाही, तारखेमागचा पाच आकडी क्रमांक तेवढा दिसतो.

शेवटी माघार कुणी घेतली? शास्त्रज्ञांनी. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसीने २०२० मध्ये अशी नावं बदलल्याचं जाहीर केलं; सेप्ट२ आता सेप्टिन२ आहे. आपोआप होणारा बदल बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली २०२३ मध्ये.

मला जास्त खटकतं ते डेटा व्हॅलिडेशन. हाताने चुकीचं टाइप केलंत तर ते अडवतं. पण दुसऱ्या शीटवरून कॉपी-पेस्ट केलंत की काही विचारत नाही, उलट तुमचा नियमच पुसला जातो. आणि आपण निम्मा डेटा पेस्टच करतो ना!

रेडकॅपमध्ये रकाना बनवतानाच प्रकार निवडावा लागतो. सुरुवातीला कटकट वाटते, पण रुग्णांचा डेटा असेल तर तेच घ्या. एक्सेलच वापरणार असाल तर आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा, मग भरा. सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आणा आणि क्रमांकांचे, नावांचे रकाने तिथेच ‘टेक्स्ट’ ठरवा.