केरसुणी, दिवा आणि तीन मापे पीठ

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात एक बाई आहे. तिचे नाव दिलेले नाही, गाव दिलेले नाही, घरात आणखी कोण आहे तेही नाही. तिच्याजवळ दहा नाणी होती, त्यातले एक हरवले. ती दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडेपर्यंत शोधत राहते आणि सापडले की मैत्रिणींना, शेजारणींना गोळा करून आनंद करते. आठ ते दहा, अवघ्या तीन वचनांत दाखला संपतो. तिच्या आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट येते आणि नंतर उधळ्या पुत्राची. मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू आमच्या घराघरांतल्या कॅलेंडरांवर असतो, उधळ्या पुत्राचे चित्र रेम्ब्रांटने काढले. या दोन मोठ्या गोष्टींच्या मधल्या बोळात ही बाई केर काढत उभी असते आणि वाचणारे तिला ओलांडून पुढे जातात. मी तिच्याजवळच थांबते, कारण रोजच्या जगण्यातून येशू कसा बोलतो हे मला तिच्याइतके कुणी शिकवलेले नाही.

आधी हा दाखला कुणाला सांगितला ते पाहू. जकातदार आणि पापी म्हणवले जाणारे लोक येशूभोवती जमत, तो त्यांच्या पंक्तीला बसे, आणि ते पाहून परूशी व शास्त्री कुरकुरत होते. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून हे तीन दाखले आले आहेत. पहिल्यात शंभरांतले एक हरवते, दुसऱ्यात दहांतले एक, तिसऱ्यात दोघांतला एक. आकडा लहान होत जातो तसतसे हरवणे अंगाशी येते. मेंढरू रानात हरवते, मुलगा दूर देशी जातो, नाणे मात्र घरातल्या घरात हरवते. रोज देवळात असणाऱ्या, शास्त्र मुखोद्गत असणाऱ्या माणसांना हा मधला दाखला ऐकवला गेला, हे ध्यानात घेतले की त्याची धार कळते. घराबाहेर पाऊल न टाकताही हरवता येते.

आता घरात शिरू. गालील समुद्राच्या वायव्य काठावर कफर्णहूम आहे, येशूच्या वावराचे गाव. तिथे उत्खननात सापडलेली घरे काळ्या बेसॉल्टची आहेत. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. नगरकडच्या जुन्या घरांच्या भिंती ज्या जातीच्या दगडाच्या, त्याच जातीच्या दगडात ती माणसे राहत होती. ओबडधोबड भिंती, लहान आणि उंचावर खिडक्या, खाली दगडगोट्यांची जमीन. असा दगड उजेड पिऊन टाकतो. आजीच्या घरी मधल्या खोलीत भरदुपारी चिमणी लावावी लागे, म्हणून या दाखल्यातला दिवा मला कधी रात्रीचा वाटला नाही. लूकने वेळ सांगितलेली नाही. दिवसाढवळ्याही त्या घरात दिवा लागलाच असता. आणि दिवा म्हणजे तेल, तेल म्हणजे पैसा. नाणे शोधण्यासाठी आधी गाठीचे काही जाळावे लागते.

मग केरसुणी. दगडांच्या फटीत गेलेले नाणे डोळ्यांना दिसणार नाही, पण केरसुणीचे टोक त्याला लागले की ते वाजेल. बाई दिव्याने पाहते आहे आणि केरसुणीने ऐकते आहे. ज्याने कुणाला असे शोधताना जवळून पाहिले आहे त्यालाच हे दोन्ही एका ओळीत मांडता येतात. येशूने हे कुठे पाहिले ते शुभवर्तमान सांगत नाही. पण नासरेथच्या त्या सुताराच्या घरात एक आई होती, घर झाडले जात होते आणि एक मुलगा तिथे वाढत होता, एवढे तर आपल्याला ठाऊक आहे.

हे नाणे म्हणजे द्राख्मा. अख्ख्या नव्या करारात हा शब्द या दाखल्यातच येतो. त्याची किंमत साधारण एका दिवसाच्या मजुरीएवढी. दहा नाणी म्हणजे दहा दिवसांची मजुरी, एवढीच तिची पुंजी. अनेक प्रवचनांतून मी ऐकले आहे की ही नाणी तिच्या लग्नातल्या दागिन्याची होती, आपल्या मंगळसूत्रासारखी, म्हणून ती इतकी कासावीस झाली. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला हा अर्थ पटत नाही. मजकुरात दागिन्याचा शब्द नाही. आणि तो आणला की दाखल्याचे बळच जाते. मंगळसूत्रातला मणी कुणीही शोधील. इथे एक साधे नाणे आहे, उरलेल्या नऊ नाण्यांसारखेच. त्याच्यात विशेष काही नाही. ते तिचे आहे, एवढ्याने ती वाकली आहे. एका दिवसाच्या मजुरीसाठी कोण वाकतो? ज्याच्या घरात रोजची मजुरी रोज येत नाही तो. येशू गरिबाच्या हिशेबाने बोलतो आहे आणि तो हिशेब त्याला पक्का माहीत आहे.

आता या दाखल्यातली माझ्या मते सर्वांत खोल जागा. मेंढरू हरवले तर निदान ओरडते. मुलगा डुकरांपाशी बसून का होईना, भानावर येतो आणि घराची वाट धरतो. नाणे काय करते? काहीच नाही. त्याला हाक मारता येत नाही, परतता येत नाही, आपण हरवलो आहोत हेही कळत नाही. तरीही दाखल्याच्या शेवटी येशू पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल देवदूतांसमोर होणाऱ्या आनंदाची गोष्ट काढतो. नाण्याने कुठला पश्चात्ताप केला? हा प्रश्न मला लहानपणी शब्बाथ शाळेत पडला होता आणि विचारायचे धाडस झाले नव्हते. आज मला वाटते, गोष्ट आणि तिचा शेवट यांत येशूने ही फट मुद्दाम ठेवली आहे, त्या जमिनीतल्या फटीसारखी. पश्चात्ताप म्हटले की आपल्याला आपले रडणे, आपले ठरवणे, आपले परतणे आठवते. इथे सगळी हालचाल शोधणारीची आहे. तेल तिचे, घाम तिचा, वाकलेली पाठ तिची. नाण्याच्या वाट्याला फक्त सापडणे येते. आपण देवाला शोधण्याआधी कुणीतरी आपल्यासाठी दिवा लावलेला असतो, हे ख्रिस्ती विश्वासाचे अगदी मधले म्हणणे. कृपा हा शब्द एकदाही न उच्चारता ते इथे सांगून झाले आहे.

म्हणजे मग ही बाई कोण? मेंढपाळ देव आहे हे आपण सहज मान्य करतो. उधळ्या पुत्राचा बाप देव आहे, यालाही कुणाची हरकत नसते. त्याच रांगेत मध्ये ही केरसुणीवाली उभी आहे. तिलाही तोच मान द्यायला हवा आणि तिथे पुष्कळांची जीभ अडखळते. मला वाटते, मराठी कानाला ही अडचण कमी पडावी. जनाबाईच्या घरी विठ्ठल दळण दळतो, केर भरतो, हे ऐकतच आपण वाढलो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणारी ही भूमी आहे. दुसऱ्या बाजूला हेही खरे की याच भूमीत झाडण्याचे काम काही जातींच्या कपाळी लिहिले गेले आणि ते करणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली होती. गावकुसाबाहेरच्या त्या घरांत हा दाखला पहिल्यांदा वाचला गेला असेल तेव्हा काय ऐकू आले असेल? देव केरसुणी हातात घेऊन घर झाडतो आहे, तुझ्यासाठी झाडतो आहे. मोठमोठ्या प्रवचनांनी जे साधत नाही ते या एका क्रियापदाने साधले असणार.

शेवटचा प्रसंग आनंदाचा. मूळ ग्रीकमध्ये मेंढपाळ ज्यांना बोलावतो ते मित्र-शेजारी पुल्लिंगी आहेत आणि ही बाई बोलावते त्या स्त्रीलिंगी. ज्या भाषांत नामाला असे लिंग नाही तिथे हा फरक पुसला जातो. मराठीत तो आपसूक उतरतो: मैत्रिणी, शेजारणी. या दोन शब्दांनी अख्खी गल्ली उभी राहते. कुणी हात पुसत येते, कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी चुलीवरचे उतरवून. आणि बातमी काय, तर एक नाणे सापडले. हसायला हवे होते, पण कुणी हसत नाही, कारण दहातले एक जाणे म्हणजे काय हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. स्वर्गातला आनंद येशूला जवळून दाखवायचा होता आणि त्यासाठी त्याने ही उंबऱ्यावरची गर्दी निवडली.

या बाईची एक बहीण मत्तयाच्या तेराव्या अध्यायात आहे. तिचा दाखला आणखी लहान, एका वचनाचा. ती खमीर घेते आणि तीन मापे पिठात ठेवते, सगळे पीठ फुगून येते, आणि स्वर्गाचे राज्य असे आहे, असे येशू म्हणतो. तीन मापे ऐकून आपण तीन वाट्या समजतो. ते माप सुमारे तेरा लिटरचे. तीन मापे म्हणजे वीस किलोंहून जास्त पीठ, शंभरावर पाने उठतील इतके. घरच्या चार माणसांसाठी एवढे पीठ कुणी भिजवत नाही. हे लग्नघरचे पीठ आहे आणि मळणारी एकटी बाई आहे. येशूच्या दाखल्यांत अशी एखादी गोष्ट अचानक माणसाच्या आवाक्याबाहेर वाढते, तीही कसला गाजावाजा न करता.

खमीर म्हणजे दुकानातली यीस्टची पुडी नव्हे. आदल्या खेपेच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा तो. गोव्यातल्या पोदेरांकडे पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवायची रीत होती, तिथल्या ऐकणाऱ्याला हा दाखला लगेच उमगला असेल. आमच्या ज्वारीच्या मुलखात मात्र अडचण. भाकरीत कुठले आले खमीर? प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोजची भाकर मागतो, आणि ती भाकर पीठ, पाणी, मीठ यांवर होते, फुगते ती वाफेने. आजीने ही अडचण स्वतःच्या पद्धतीने सोडवली होती. हा दाखला वाचला की ती विरजणाकडे बोट दाखवी. रात्री पातेलेभर दुधात चमचाभर विरजण घालायचे, झाकण ठेवायचे आणि मग हात लावायचा नाही. सारखे उघडून पाहिले तर दही लागत नाही, असे तिचे म्हणणे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या क्रियापदाचा अर्थ आहे लपवणे. बाई खमीर पिठात लपवते. आजीचे झाकण त्या शब्दाच्या अगदी जवळ पोचले होते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या वाचकाला सहसा जाणवत नाही. यहुदी घरात वल्हांडणाच्या सणाआधी खमीर शोधून घराबाहेर काढतात. येशू स्वतः परूश्यांच्या खमिरापासून सावध राहायला सांगतो. पौलाच्या पत्रांतही ते दुष्टपणाचे चिन्ह आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांना खमीर वाइटाचे चिन्ह म्हणूनही ओळखीची वस्तू होती. तिलाच येशू स्वर्गाच्या राज्याशेजारी बसवतो, जकातदारांच्या शेजारी स्वतः बसला तसा. पंक्तीची गोष्ट इथे पिठातून पुन्हा सांगितली आहे.

हे दाखले मराठीत आणणाऱ्यांत एक बाईही आहे, पंडिता रमाबाई. त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या माणसाला, विशेषतः थोडे शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा काम हातावेगळे होत आले होते. ते छापले गेले केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला मुक्तीतल्या बायका बसत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या होत्या आणि टाकून दिलेल्या, भुकेने मरायला टेकलेल्या मुलींना शोधशोधून केडगावला घेऊन आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणी आश्रमातच वाढल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, हातात काम घेऊन उभ्या राहिल्या.

लूकचा पंधरावा अध्याय त्या बायकांच्या हातांतून गेला. शिशाचा खिळा उलटा असतो, अक्षर आरशात दिसावे तसे, म्हणून ओळ मनात वाचत एकेक अक्षर बोटांनी चाचपून बसवावे लागते. दिवा, झाडणे, शोधणे. मग सापडणे. मग शेजारणी.