सैतान कोणाच्या तोंडाने बोलतो?

भुताखेतांचे चित्रपट म्हणजे उथळ करमणूक, असे म्हणून आपले समीक्षक मोकळे होतात. मला तसे मोकळे होता येत नाही. एखादा समाज कशाला पवित्र मानतो हे तो सोयीने सांगतो, पण तो कशाला भितो हे त्याला लपवता येत नाही. म्हणून विल्यम फ्रीडकिन यांच्या 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) या चित्रपटाकडे मी पुन्हा वळलो. मूळ कादंबरी (1971) आणि पटकथा विल्यम पीटर ब्लॅटी यांची. ते श्रद्धाळू कॅथलिक होते आणि त्यांनी हे सारे श्रद्धेच्या बाजूनेच लिहिले. मी बौद्ध. आत्माच मानत नाही, तर दुसऱ्याच्या देहात शिरणार कोण? तरीही हा चित्रपट त्यांच्याच शास्त्रासमोर ठेवून पाहावा, असे मला वाटते.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या प्रतिष्ठित वस्तीत एका नामांकित नटीच्या बारा वर्षांच्या मुलीला, रीगनला, सैतान झपाटतो. डॉक्टर हरतात, पाद्री येतात. पण हा सैतान येतो कुठून? चित्रपट सुरू होतो तो उत्तर इराकमध्ये. अजान ऐकू येते, उत्खननात उन्हाने रापलेले मजूर दिसतात, आणि फादर मेरिन यांच्या हाती एक लहानसे मुंडके लागते. ते पाझुझूचे. चित्रपट त्याचे नावही सांगत नाही. प्राचीन मेसोपोटेमियातले हे दैवत भयंकर होते खरे, पण लमाश्तू नावाच्या बालघातकी राक्षसीला पळवून लावण्यासाठी गरोदर बाया आणि तान्ही मुले यांच्या रक्षणाला त्याचाच ताईत वापरीत. म्हणजे एका लोकांच्या लेकरांची राखण करणारा तो दुसऱ्यांच्या चित्रपटात लेकराला झपाटणारा झाला! आपल्याला यात नवल वाटू नये. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (1873) पुराणातले दैत्य कोण होते ते सांगितले आहे, आणि शिवेवरच्या म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते दा. ध. कोसंबींनी दाखवले आहे. जिंकणाऱ्यांच्या ग्रंथांत हरणाऱ्यांचे देव असेच भूत होऊन उरतात.

यापुढची गोष्ट समीक्षकांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. दुसरा पाद्री फादर कॅरस हा गरीब ग्रीक स्थलांतरिताचा मुलगा. त्याची आई न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते, सरकारी इस्पितळाच्या वेड्यांच्या वॉर्डात पडते आणि पुढे मरते. पाद्री झाला नसता तर नावाजलेला मनोविकारतज्ज्ञ होऊन याने आईला सुखात ठेवले असते, असे नातेवाईक त्याला बोलून दाखवतात. भुयारी रेल्वेच्या फलाटावर एक भिकारी त्याच्याकडे हात पसरतो, आपणही कॅथलिक आहोत असे सांगतो. कॅरस त्याच्याकडे पाहतो आणि काहीच करत नाही. नंतर रीगनच्या खोलीत सैतान नेमका त्या भिकाऱ्याच्याच शब्दांत बोलतो. पुढे त्या आईच्या आवाजातही बोलतो.

गरिबाने हात पसरला तेव्हा धर्माने ऐकले नाही. तोच आवाज श्रीमंताच्या माडीवर घुमला तेव्हा मात्र पवित्र पाणी घेऊन धर्म धावला. ब्लॅटींना हे दाखवायचे होते काय? कॅरसचा अपराधभाव दाखवायचा होता, हे नक्की. पण कलाकृती लेखकापेक्षा जास्त बोलून जाते.

आता मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय पाहा. तिथला भूतग्रस्त माणूस माडीवर राहत नाही. तो थडग्यांत राहतो, गावाने त्याला साखळदंड घातलेले आहेत, आणि तो स्वतःलाच दगडांनी ठेचून घेतो. येशू भुताला नाव विचारतो, तर ते नाव निघते 'लेगियोन', म्हणजे काही हजार शिपायांची रोमन पलटण! ज्या मुलखावर रोमचे राज्य होते, तिथल्या वेड्याच्या अंगात पलटण शिरलेली असावी, हा योगायोग मानायला मी तयार नाही. ती भुते डुकरांत शिरतात, कळप बुडतो, आणि गावकरी येशूलाच निघून जायची विनवणी करतात. माणूस बरा झाला याचा आनंद कोणाला नाही. बुडालेल्या डुकरांची भीती मात्र सर्वांना आहे. येशू त्या माणसाला परत त्याच्या घरच्यांत पाठवतो. (आपल्याकडे याच येशूच्या नावाने तिरुचिरापल्लीच्या कब्रस्तानात दलितांच्या थडग्यांना वेगळे काढणारी भिंत घातली गेली, हेही इथे नोंदवतो.)

चित्रपटात एक प्रसंग होता. जिन्यावर बसून कॅरस विचारतो, हीच मुलगी का? मेरिनचे म्हणणे असे की, माणसाने स्वतःला जनावर समजावे, ओंगळ समजावे, देव आपल्यावर प्रेम करणे शक्य नाही असे त्याला वाटावे, हाच सैतानाचा हेतू. 1973 साली हे संभाषण कापले गेले आणि 2000 सालच्या आवृत्तीत परत आले. सबंध चित्रपटातला मला सर्वांत ख्रिस्ती वाटलेला विचार तोच, आणि तोच आधी कात्रीखाली गेला. मला तो कोणी समजावून सांगायला नको. घरातला पहिला पदवीधर म्हणून वर्गात पहिल्यांदा खडू घेऊन उभा राहिलो, तेव्हा माझ्या उच्चारांना मुले हसतील या धास्तीने आवाज घशातच अडकत असे. ती धास्ती मी जन्मताना बरोबर आणलेली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्यात शिरवली गेली होती, आणि शिरवणारे सोवळ्यात होते.

सैतान कोण याचा विचार न करता नुसता विधीच उरला की काय होते, ते जर्मनीत दिसले. ॲनेलीसे मिशेल ही अपस्माराचे निदान झालेली विद्यार्थिनी. बिशपच्या परवानगीने दोन पाद्र्यांनी तिच्यावर सदुसष्ट वेळा विधी केला. 1 जुलै 1976 रोजी ती उपासमारीने मेली, वय तेवीस. 1978 मध्ये आईबाप आणि दोन्ही पाद्री निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले. अमेरिकेने तिच्यावर 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' (2005) काढला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या पाद्र्याला सहानुभूती मिळवून दिली. जर्मनीच्या हान्स-ख्रिस्तियान श्मिड यांनी 'रेक्विएम'मध्ये (2006) सैतान दाखवलाच नाही. मुलगी दाखवली, तिचे कर्मठ घर दाखवले. भीती मला या चित्रपटात जास्त वाटली. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

'एक्झॉर्सिस्ट'च्या शेवटी कॅरस सैतानाला स्वतःच्या अंगावर घेतो आणि खिडकीतून उडी टाकून मरतो. दुसऱ्याची पीडा आपल्यावर घेणे, एवढ्यापुरता तो खरा ख्रिस्ती ठरतो, हे मी मान्य करतो. रीगनला घडलेले काहीच आठवत नाही, मायलेकी गाडीत बसून गाव सोडतात. फलाटावरचा तो भिकारी मात्र चित्रपटात पुन्हा कुठेही दिसत नाही.