चाळीस बिटांचे कुलूप

नियमाचा हेतू सर्वजण तपासतात, त्यातले गणित क्वचितच कोणी पाहते. कूटलेखनाच्या किल्लीवरील ४० बिटांची मर्यादा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेने कूटलेखनाला शस्त्रास्त्रांच्या यादीत घातले होते. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरमध्ये सामान्यतः ४० बिटांचीच किल्ली असे. दोनाचा ४० वा घात म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. संख्या प्रचंड वाटते. पण जानेवारी १९९७ मध्ये बर्कले विद्यापीठातील इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणक कामाला लावून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधली. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने हे निर्बंध पुष्कळच सैल केले.

आपल्या दूरसंचार खात्याच्या इंटरनेट परवान्यांच्या २००७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र तीच मर्यादा होती. आरएसए किंवा समतुल्य पद्धतीत ४० बिटांपर्यंतची किल्ली परवानगीशिवाय वापरता येई.

यात पहिला दोष गणिताचा. आरएसएमधील किल्लीचा आधार म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. तिथे सगळ्या किल्ल्या लावून पाहाव्या लागत नाहीत. अवयव पाडले की कुलूप उघडते. ४० बिटांच्या संख्येचा लहान अवयव १०,४८,५७६ च्या आतच असतो. विषम संख्यांनी भाग देत गेल्यास फार तर सव्वापाच लाख भागाकार! नरडाण्याचा अकरावीतला विद्यार्थीही छोटी आज्ञावली लिहून घरच्या संगणकावर हे क्षणात करील.

दुसरा दोष विसंगतीचा. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्येच इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची शिफारस केली होती. एक नियम पाळावा तर दुसऱ्याचे काय, हे बँकांनी कोणाला विचारायचे?

गुन्हेगारांचे निरोप वाचता यावेत, ही सरकारची गरज खोटी नाही. परंतु कच्चे कुलूप पोलिसाला उघडते तसे चोरालाही उघडते, आणि आत पैसे असतात ते साध्या खातेदाराचे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. १०,२२,११७ ही २० बिटांची संख्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. पहिल्या १६९ मूळ संख्या मुलांत वाटून द्याव्यात आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या संख्यांनी भाग द्यावा. तास संपायच्या आत कुलूप उघडेल.