उडत्या तबकड्यांचा अनुबोधपट

'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स' (1956) हा विन्स्टन जोन्स दिग्दर्शित अमेरिकन अनुबोधपट तत्कालीन परग्रहवासीयांच्या भीतिपटांपासून कटाक्षाने दूर राहतो. वायुदलाचे प्रसिद्धी-अधिकारी अल्बर्ट चॉप यांची भूमिका टॉम टॉवर्स या वार्ताहराने केली आहे. त्याचे अवघडलेपणच प्रेक्षकाला विश्वसनीय वाटते. परंतु साशंक चॉप यांचे मतपरिवर्तन हे कथानक होय, पुरावा नव्हे. अस्सल म्हणावी अशी चित्रणे दोनच : मोन्टानातील 1950 चे व युटातील 2 जुलै 1952 चे. कृष्णधवल पटात ती रंगीत अवतरतात, आणि त्यांचे वजन भोवतालच्या नटवलेल्या प्रसंगांनाही नकळत लाभते. खरी हातचलाखी ती हीच! युटातील ठिपके पक्षी असावेत, असे रॉबर्टसन समितीचे 1953 चे मत होते.

वाशीम जिल्ह्यातील अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. 2 एप्रिल 2022 रोजी विदर्भाच्या आकाशात जळते पुंजके दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे कडे पडल्याने ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याच्या अनुमानास आधार मिळाला. जोन्स यांच्यापाशी असे कडे नव्हते; ती उणीव त्यांनी चॉप यांच्या प्रामाणिक चेहऱ्याने भरून काढली.